नव्या खिडकीत जुनं राज्य

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मगच सांगतो. छत्तीसगढ नवंनवं झालं तेव्हा मी रायपूरच्या एका सरकारी ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळत होतो. पावतीवर राज्याचं नाव एका एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कॉम्प्युटरनं लक्षात ठेवलेल्या एका नोंदीतून यायचं. ते मी बदललं, नव्यानं लॉगिन करून पावती काढून पाहिली, एकदम झकास!

दुसऱ्या दिवशी नव्या पावतीचा मुहूर्त. मोठे साहेब आले, मूळचे नागपूरचे. नारळ फुटला, पेढे वाटले. एकाच कॉम्प्युटरवर अनेक खिडक्या चालवणारा ‘स्क्रीन’ नावाचा प्रोग्राम होता, त्यात मी ऐटीत नवी खिडकी उघडली. प्रिंटर कुरकुरला अन् पावती निघाली: ‘मध्यप्रदेश शासन’!



“काहून रे?” साहेब म्हणाले.

“सर, हा स्क्रीन प्रोग्राम राज्य व्हायच्या आधीपासून चालू आहे. नवी खिडकी त्याच्या जुन्याच व्हेरिएबलवर उघडते. त्याले नवं राज्य माहीतच नाही!”

आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, हळूच म्हणाले, “भैया, पेड़ा वापस करें क्या?”

साहेबांनी पावती उलटीसुलटी करून पाहिली. “अजून एक खिडकी उघड. मध्यप्रदेशाच्याही आधीचं सी.पी. अँड बेरार निघालं तर राजधानी नागपूर होते, मी जेवायले घरीच जातो!”