शंभर लिटर घरचं पाणी

— ‘गुणी पोरगी आहे, मागे जोडली की येते गुपचूप,’ असं म्हणाले ते. कॅरव्हॅनबद्दल नाही हो, माझ्याबद्दल. ते म्हणजे हेडली, माझे सासरे — ते बघा, पुढच्या सीटवर, टोपीवाले, थर्मास उघडताहेत ते. आणि गाडी बंद असूनही जो दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून बसलाय, तो नेथन, माझा नवरा. सहा आठवडे झाले लग्नाला. आणि नाही, मला बाथरूम नकोय. त्यांना तसं सांगितलं खरं, कारण बाईनं बाथरूम म्हटलं की पुरुष एक प्रश्न न विचारता गाडी वळवतात, आणि वजनकाटा म्हटलं असतं तर फायली गावचा समुद्र दिसेपर्यंत चर्चा चालली असती. तुमच्या गिरणीची पाटी मी वळणावरच वाचली — ‘वजनकाटा सर्वांसाठी खुला’. मागच्या सीटवर बसणाऱ्याला पाट्या वाचायला मिळतात. सँडविचची पिशवी सांभाळायची, पाट्या वाचायच्या, गप्प बसायचं. तिन्ही मला छान जमतात.

तर काका, एवढं करा — या खिडकीतून त्यांना हातानं खूण करा, गाडी जरा पुढे घ्या म्हणावं, मागून ट्रक येतोय. गाडी काट्याच्या पलीकडे गेली पाहिजे आणि नुसती कॅरव्हॅनची चाकं पत्र्यावर. करा ना. तुमचं ऐकतील, तुम्ही पिवळं जॅकेट घातलंय... हं, आणखी थोडं, थोडं — बास! बघा, लगेच ऐकलं. मी एक जॅकेट विकत घ्यावं म्हणते.

आकडा यायला वेळ लागतो का? असू दे, तोवर सांगते. कॅरव्हॅन, म्हणजे हे चाकांवरचं घर, त्यांनी आम्हाला लग्नात दिली. तीस वर्षं त्यांनी आणि डोरीननं — माझ्या सासूबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या, मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय — तीस वर्षं दोघांनी हीच ओढत सगळा किनारा पालथा घातला. तेव्हा पुढे जुनी डिझेल गाडी असायची, चांगली दोन टनांची. आमची आहे चौदाशे किलोची. हेडली म्हणाले, ‘हूक बसवला की झालं, कॅरव्हॅनला काय कळतंय पुढे कोण आहे!’ मला वाटतं कळतं हो. मागे जोडलेल्यालाच सगळ्यात आधी कळतं.

म्हणून रविवारी मी हिशेब मांडला. दोघं क्रिकेट बघत होते, मी कॅरव्हॅनच्या खणातलं जुनं माहितीपुस्तक काढलं. त्यात लिहिलंय, नवशिक्यानं आपल्या गाडीच्या वजनाच्या शंभरातल्या पंच्याऐंशी भागांपेक्षा जड काही ओढू नये. सामानासकट. म्हणजे आम्हाला अकराशे नव्वद. आणि कॅरव्हॅनचं नाक — जिथे ती गाडीला जोडली जाते ना — त्यानं गाडीवर साठ-सत्तर किलो भार टाकला पाहिजे, नाहीतर शेपूट हलायला लागतं. मोजायचं कसं? एका झाडूचा दांडा कापला, नाकाखाली उभा केला, आणि त्याच्या खाली आमचा बाथरूममधला काटा ठेवला. तो काटा नेथनच्या आत्यानं लग्नात दिलाय — नवरीला वजनाचा काटा! — पण मी तेव्हाही काही बोलले नव्हते, बघा, आला उपयोगाला. वीस किलो! फक्त वीस! तुम्ही हसताय, पण हेडली अख्ख्या गल्लीला दाखवत होते, ‘बघा, एका हातानं उचलतो, या वयात!’ उचलणारच. सगळं जड सामान मागे भरलंय, नाक हलकं होणारच.

मागे काय? पाणी. पाणी म्हणजे चहाचं. आम्ही हॅलिफॅक्सचे ना, आमचं पाणी डोंगरावरचं, मऊ. इकडच्या, खडूच्या खडकातून येणाऱ्या जड पाण्याचा चहा हेडलींच्या मते चहा नसतोच, त्याला ते भिंतीचा रंग म्हणतात. म्हणून पंचवीस लिटरचे चार कॅन घरून भरून आणायचे. शंभर लिटर, तीन माणसांना, सहा दिवसांना. आणि ठेवायचे कुठे, तर अगदी मागच्या न्हाणीत, ‘सांडलं तरी चालेल.’ त्यावर लोखंडी खांबांचा तंबू, घेवड्याचे डबे, त्यांचे हिरवळीवर खेळायचे लाकडी गोळे. आणि खरं सांगायचं तर माझ्या आईचं शिवणयंत्र. पडदे करीन म्हटलं. ते मीच मागे सरकवलं, हिशेब मांडायच्या आधी. मी काही देवदूत नाही.

तर कागद घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, आणि तिथे ते वाक्य. मागे जोडली की येते. चला, ते म्हातारे आहेत, मायेनं म्हणाले असतील. पण नेथन हसला. हसून म्हणाला, ‘हो ना, ब्रेकसुद्धा लागत नाही.’

मी कागद खिशात टाकला.

तुम्हाला हे सांगायचं नव्हतं मला. तुम्ही गप्प बसता ना, म्हणून निघून जातं तोंडातून. माझ्यासमोर लोकांचं असंच होत असणार. पण मी नुसती रागानं गप्प नव्हते, मला वाटलं, होऊ दे फजिती. पहिल्या चढावर गाडी धापा टाकू दे, शेजारून सायकलवाले जाऊ देत, मग मी पिशवीतून सँडविच काढीन आणि विचारीन, ‘काही अडचण?’ एवढंच मनात होतं. गंमत. आणि मघाशी हायवेवर तो मोठा ट्रक बाजूनं गेला, आणि मागचं शेपूट हललं — डावीकडे, उजवीकडे, मग आणखी जास्त — मागच्या काचेतून मला आमच्याच घराची एकदा ही भिंत दिसत होती, एकदा ती. हेडली ओरडले, ‘दाब! दाब! वेगात सरळ होते!’ नेथननं घाबरून पाय उचलला, म्हणून हळू झालो, म्हणून सरळ झालो. त्याला वाटतंय त्यानं चूक केली. तेवढंच एक बरोबर केलं त्यानं. मग हेडली म्हणाले, ‘वारा आहे आज.’ वारा! तुमच्या दारातलं ते निशाण बघा, पाय दुमडून झोपलंय. आणि पुढे तो लांब उतार आहे ना, समुद्राच्या आधीचा? तो मी असा उतरू देणार नाही. खिशात कागद घेऊन तर नाहीच.

आला? तेराशे दहा? चाकांवर तेराशे दहा, आणि नाकावरचे वीस, म्हणजे तेराशे तीस. माझा अंदाज तेराशे वीसचा होता, दहाच चुकले.

एक दाखवू? हे तेच माहितीपुस्तक, शेवटचं पान, पेन्सिलीनं लिहिलंय. हे अक्षर डोरीनचं. ‘हेडली चार कॅन भरतो. तीन रिकामे करणे, तिथे पोचल्यावर नळावर भरणे. एक मधे, चाकांवर. डबे पुढच्या बाकाखाली. त्याला कळत नाही.’ खाली तारीख आहे, पंचवीस वर्षांपूर्वीची, आणि मग दरवर्षीची एकेक खूण. कळलं का तुम्हाला? तेवीस वर्षं हा माणूस भिंतीचा रंग पितोय आणि वर म्हणतोय, ‘वा! घरचं पाणी ते घरचं पाणी.’ आणि कॅरव्हॅन सरळ चालली की स्वतःची पाठ थोपटतोय. ती आत सामान लावायची, तो बाहेर नाक उचलायचा.

मलाही तसं करता आलं असतं. काल पहाटे उठले होते, एक कॅन दारापर्यंत ओढलासुद्धा. मग वाटलं, आज कॅन, उद्या आणखी काही, आणि तेवीस वर्षांनी माझंही एक पान भरलेलं असेल. त्यांचं वाक्य खरंच होईल की मग. कॅन परत आत ठेवला.

तुमच्या त्या शेडमध्ये सहा दिवस थोडं सामान ठेवलं तर? परतताना नेते. खरंच? थँक यू, काका. तो वजनाचा कागद द्या इकडे. नाही, पुस्तक मी त्यांना दाखवणार नाही, चहाची चव जायची त्यांच्या. सरका जरा, खिडकी पूर्ण उघडते —

नेथन! हेडली! खाली उतरा दोघंही. चाक सोड, नेथन, ते कुठे पळत नाही. मघाशी पाय उचललास ते बरोबर केलंस. हा कागद घ्या, हेडली, आणि मोठ्यानं वाचा. वारा नव्हता तो. मला रविवारपासून माहीत होतं आणि मी बोलले नाही, ती माझी चूक. आता बोलतेय. तंबू, गोळे, माझं शिवणयंत्र, सगळं इथे उतरायचं, डबे पुढच्या बाकाखाली. आणि पाण्याचे तीन कॅन त्या गटारात ओता. हो, तीन. एक मधे ठेवा, चाकांवर. एक पुरतो, हेडली. नेहमीच पुरत आलाय.