बोटभर कमी

वारसिती: वाका साहेब, वाका! …आपटलंच ना डोकं.

हर्सोनो: आई गं! आजी, हे दार आहे की उंदराचं बीळ?

वारसिती: दार आहे तेवढंच आहे हो. खालची जमीन वर आली. समुद्र घरात शिरतो म्हणून चारदा भराव घातला. आमचे हे ताडमाड उंच. शेवटची दोन वर्षं घरात वाकूनच वावरले. शेजारी म्हणायचे, बायकोला किती मान देतो!

हर्सोनो: बरं, उंचावरच्या नव्या वस्तीत घरं द्यायचीत, त्याची पाहणी करायला आलोय. नाव?

वारसिती: वारसिती. मागच्या साहेबांनीही लिहून नेलं होतं.

हर्सोनो: घरात पाणी किती ते पट्टीनं बघू… शून्य. घर तर कोरडं आहे, आजी.

वारसिती: आत्ता ओहोटी आहे ना!

हर्सोनो: पाहणीच्या वेळी तीस सेंटिमीटर पाणी हवं. नियम आहे.

वारसिती: मग भरतीला या.

हर्सोनो: भरतीला कसा येऊ? रस्ता बुडतो!

वारसिती: तेच तर. म्हणून पाच वर्षं तुमच्या कागदावर आमचं गाव खडखडीत कोरडं.

हर्सोनो: मी काय करणार? नियम वरून येतात.

वारसिती: आणि पाणी खालून.

हर्सोनो: हे पत्रक ठेवा. हवामान बिघडू नये म्हणून तुम्ही काय करायचं ते लिहिलंय. ‘एसी कमी वापरा. जवळ जायला गाडी काढू नका.’

वारसिती: नाही काढणार. गाडी घ्यायचीच नाही असं मी कधीचं ठरवलंय. पण त्या कारखान्याला दिलंत का पत्रक? जमिनीतलं पाणी उपसून उपसून गाव खाली बसवलं आणि स्वतःभोवती भिंत घातली. तिथे आपटलेली लाट माझ्या चुलीपाशी येते.

हर्सोनो: कारखाना माझ्या यादीत नाही.

वारसिती: मीही नाही अजून. बसा, सोयाबीनच्या तेम्पेची भजी तळलीयत.

हर्सोनो: नको, निघतो.

वारसिती: सेमारंग शहरातून एवढ्या लांब आलात, असे उपाशी जाल?

हर्सोनो: बरं, दोनच.

वारसिती: कॉफी घेता घेता आमच्या लग्नाची गोष्ट ऐका.

हर्सोनो: लांब आहे का?

वारसिती: छे, छोटीशीच. पण लांबवता येते.

(कॉफीचा तिसरा पेला.)

हर्सोनो: आजी, माझे बूट? दारात काढले होते!

वारसिती: ते निघाले मघाशीच.

हर्सोनो: अहो, पाणी! माझी मोटरसायकल!

वारसिती: सुनेनं मशिदीच्या ओट्यावर चढवलीय. तुम्ही आलात तेव्हाच.

हर्सोनो: तेव्हाच? म्हणजे मला मुद्दाम बसवून ठेवलंत?

वारसिती: हो. पाय बाकड्यावर घ्या. रागावू नका साहेब. माझं काय, मी म्हातारी. पण नात सहा वर्षांची आहे. झोपेत कूस बदलते आणि खाली पाणी असतं. फार भीती वाटते हो मला.

हर्सोनो: …द्या ती पट्टी इकडे. अठ्ठावीस.

वारसिती: म्हणजे?

हर्सोनो: बोटभर कमी. तीस लिहू?

वारसिती: नको, खोटं नको. अजून दोन भजी घ्या. येतं ते. रोज येतं.