भिंतीला काय ठाऊक बायकांचा तास!

...आणि वर धाकटी जाऊ म्हणते कशी, 'ताई, घाबरायचं काय त्यात? सगळ्या बायकाच तर आहेत!' अहो, बायका आल्या म्हणून भिंत बुटकी होते का? तुम्हाला सांगते, तीन मजली भिंत, वर जाऊन अंगावर झुकलेली, आणि तिला बटाट्याएवढे रंगीत खुंट ठोकलेले. ते धरून लोक चढतात. हौस म्हणून! मी माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढते तेव्हा नवऱ्याला स्टूल धरायला लावते, आणि तो नुसता शिंकला तरी माझा जीव जातो!

पण धाकट्या जावेला वेड लागलंय ना चढण्याचं! एरवी तिथे सगळे पुरुष. ही दोर बांधून उभी राहिली की खालून सगळे ओरडणार, 'वहिनी, डावा पाय! अहो, तो नाही, दुसरा डावा!' म्हणून शनिवारी खास बायकांचा तास काढला. पण जोडी लागते. दोर वरच्या कडीतून ओवलेला; एका टोकाला चढणारी बांधायची, दुसऱ्या टोकाला खाली दोर धरणारी. आली माझ्याकडे, डोळ्यांत पाणी. 'ताई, तुम्ही नाही म्हणालात तर माझं चढणं संपलंच.'

गेले! तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी गोल उभं केलं आणि विचारतात काय, तर 'वजनं सांगा! जोडीत फार फरक चालत नाही. लाजताय काय, सगळ्या बायकाच तर आहेत!' अहो बाई, म्हणूनच तर! पुरुषांपुढे एक वेळ खरं सांगितलं असतं, त्यांना कुठे काय कळतं! पण इतक्या बायका कान टवकारून उभ्या... माझ्या तोंडून निघालं, 'साठ.' धाकटी म्हणजे फुंकर मारली तर उडेल, ती म्हणाली, 'छप्पन्न.' लागली जोडी!

पाळीपाळीने चढायचं, आणि पहिली पाळी माझी! चढले. कशी चढले ते विचारू नका. तळहात घामाने निसरडे... वर पोचले आणि खाली बघितलं. बघायचं नव्हतं हो!

'ताई, आता हात सोडा आणि मागे रेला!'

सोडा? ज्या हातांनी जीव धरलाय ते सोडा? 'नक्की धरलंयस ना गं?' 'धरलंय!' 'भावजींची शपथ?' 'ताई, सोडा!' आणि बाकीच्या एका सुरात, 'घाबरू नका, सगळ्या बायकाच आहोत!'

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साठ! अहो, खरे अठ्ठ्याहत्तर! सांगावं? एवढ्या उंचावरून, ओरडून, सगळ्यांसमोर? तुम्हाला सांगते, क्षणभर वाटलं, त्यापेक्षा पडलेलं बरं. खरंच वाटलं! बोटं बधिर... आणि सुटलाच हात!

मी खाली निघाले आणि धाकटी वर! मध्ये दोघी नाकाला नाक लावून लोंबकळतोय. मी किंचाळतेय, तिला गच्च मिठी मारलीय, आणि ती हळूच विचारते, 'ताई... खरं किती?'

'अठ्ठ्याहत्तर. तुझं?'

'पन्नास. हडकुळी म्हणतील म्हणून चढवून सांगितलं.'

बाईंनी शिडी लावून आम्हाला एकेक करून खाली उतरवलं. मी म्हटलं, सुटले! एवढा फरक म्हणजे जोडी मोडणारच. धाकटीचा चेहरा पडला, मला वाईटही वाटलं, पण जीव प्यारा असतो हो! तर बाई म्हणतात, 'जोडी कशाला मोडायची? हिच्या कमरेला वाळूची पिशवी बांधू.' धाकटीने आनंदाने माझा गालगुच्चा घेतला. थोरल्या जावेचा!

आता दर शनिवारी मला काट्यावर उभं करतात आणि सगळ्यांसमोर पिशवीत वाळू ओततात. मी वर जाते, थरथरते, खाली येते. आणि चढून भूक किती लागते म्हणून सांगू! परवा बाईंनी काटा बघितला, पिशवी बघितली आणि म्हणाल्या, 'ताई, अजून थोडी घालावी लागेल.'