निळ्या दोऱ्याचे टाके

(दुपार. दिवाणखान्यात दोन उंच स्पीकर भिंतीपासून पुढे ओढलेले. काका जमिनीवर बसलेत. ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा मेकॅनिक दाराशी पिशवी घेऊन उभा.)

काका : हे टाके कंपनीचे नाहीत.

मेकॅनिक : चप्पल तरी काढू द्या, काका.

काका : काढ आणि इथे ये. या निळ्या वायरीचं टोक बघ. कापडी कव्हर हातानं शिवलंय.

मेकॅनिक : घासून उसवलं असेल.

काका : असली गाठ आमच्या घरात एकच माणूस मारत होतं. माझ्या शर्टाचं प्रत्येक बटण तिनं असंच लावलंय. आज ही महागडी वायर आपल्या गाणं ऐकायला येणाऱ्या डॉक्टरला द्यायची म्हणून काढायला घेतली, तर हे दिसलं. या स्पीकरच्या मागे हात घालणारे आपण तिघंच. ती गेली, मी काही केलेलं नाही. उरलास तू.

मेकॅनिक : काकूंनी शपथ घातली होती.

काका : तिला जाऊन आठ महिने झाले. बोल.

मेकॅनिक : तुमच्या स्पीकरखाली ते अणकुचीदार खिळे आहेत ना, आवाज स्वच्छ यावा म्हणून तुम्ही मुद्दाम बसवलेले. काकू मागची धूळ काढत होत्या. स्पीकर सरकला, खिळा थेट डाव्या वायरीत. तुम्ही चार दिवस परगावी होतात. फोनवर रडत होत्या. "एवढ्या हौसेनं आणलेली," म्हणाल्या.

काका : मग?

मेकॅनिक : जोडता आली असती, पण गाठ दिसली असती. मग दोन्ही बाजूंना माझ्या दुकानातली साधी वायर घातली. वरून ही निळी कव्हरं चढवली. टाके त्यांनी घातले.

काका : कधीची गोष्ट?

मेकॅनिक : झाली तीन वर्षं. तुमच्या मूळच्या वायरी या पिशवीत आहेत. तुम्ही फोनवर टाके म्हणालात, तेव्हाच समजलो.

काका : तीन वर्षं मी इथे बसून लोकांना सांगतोय, ऐका, गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

मेकॅनिक : श्वास येतो की. साध्या वायरीतूनही येतो.

काका : थांब. तीन वर्षं म्हणजे... तो स्टुलाचा दिवस?

मेकॅनिक : जाऊ द्या ना, काका.

काका : आधीचा की नंतरचा?

मेकॅनिक : नंतरचा.

काका : डॉक्टर होता, बँकवाला होता, त्याचा मेहुणा होता. मी तिला स्वयंपाकघरातून हात पुसत बोलावलं. तिथे स्टुलावर बसवलं, स्पीकरकडे पाठ करून. वायरी तू बदलत होतास.

मेकॅनिक : हो. एकदा निळी, एकदा साधी. आत दोन्ही एकाच गुंडाळीतल्या.

काका : आणि ती म्हणाली, "मला तर दोन्ही सारखंच ऐकू येतं."

मेकॅनिक : हो.

काका : मी काय म्हणालो?

मेकॅनिक : तुम्हाला आठवतंय.

काका : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

मेकॅनिक : म्हणालात, "हिचे कान दारावरच्या बेलपुरते." सगळे हसले. मीही हसलो, काका. खोटं कशाला बोलू?

काका : तीही हसली होती. हसत चहा टाकायला गेली.

मेकॅनिक : गेल्या हसत. चहा यायला वेळ लागला.

काका : ते माझ्या लक्षात नाही आलं.

मेकॅनिक : मला दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. मी म्हटलं, काकू, एक शब्द बोलायचा होतात, चांगली जिरली असती त्यांची. तर म्हणाल्या, "मी खरं तेच बोलले की. चारचौघांत त्यांचं तोंड एवढंसं झालं असतं, ते मला बघवलं नसतं."

काका : माझं तोंड. आणि तिचं? त्यानंतर ती कधी इथे ऐकायला बसली नाही. मी म्हणायचो, हिला गोडीच नाही.

मेकॅनिक : पाणी आणू का?

काका : नको. किती वाजले?

मेकॅनिक : चार. डॉक्टर कधी येतायत?

काका : पाचला. बाकीचे दोघंही येतायत.

मेकॅनिक : मग ऐका. उजवी धडधाकट आहे. डावी मी आत्ता जोडतो, कव्हरं परत चढवतो. खुशाल देऊन टाका. कुणाला कळणार नाही.

काका : परत तेच?

मेकॅनिक : तुमची लाज राहावी म्हणून म्हटलं.

काका : ती तिनं तीन वर्षं राखली. पुरे झालं. डावी जोड, पण कव्हर चढवू नकोस. ते टाके उसवायचे नाहीत. आणि आतलं स्टूल आण.

मेकॅनिक : कशाला?

काका : तिथेच मांड. मी बसतो, स्पीकरकडे पाठ करून. ते तिघं आले की एकदा मूळची लाव, एकदा ही. आणि मला फरक विचार.

मेकॅनिक : आणि नाही सांगता आला तर?

काका : तर तिनं जे सांगितलं, तेच सांगेन. मग ते टाके दाखवीन त्यांना.

मेकॅनिक : हसतील, काका.

काका : हसू देत. चहा मी टाकेन.