डॉक्टरांची सही

डॉक्टर : …शेवटी सर्जन म्हणाले, रिपोर्टवर सही तुमचीच ना? म्हटलं, माझीच.

तंत्रज्ञ : पण मॅडम, ती तर मी केली होती.

डॉक्टर : बोटं तुमची. सहीची डिजिटल किल्ली माझी, ती उघडणारा पासफ्रेज माझा. कॉम्प्युटरला बोटं दिसत नाहीत.

तंत्रज्ञ : ज्यांच्या रिपोर्टवर चुकून कॅन्सर आला, त्या बाई?

डॉक्टर : वाचल्या. गाठ हाताला साधी लागली म्हणून सर्जननी ऑपरेशनआधी मला विचारलं. मी स्लाइड पुन्हा पाहिली, साधीच आहे. कॅन्सर दुसऱ्या बाईंना आहे.

तंत्रज्ञ : आडनाव एक, वय एक. दोन रिपोर्टवरची नावं माझ्याकडून उलटसुलट झाली.

डॉक्टर : तुम्ही फोनवर वाचून दाखवलं होतंत. तेव्हा मी हॉस्पिटलात आईपाशी होते, नर्स तिची सलाइनची सुई बदलत होती. मी नुसतं हं हं केलं.

तंत्रज्ञ : मी सही केली, फाइल एन्क्रिप्ट केली, पाठवून मोकळा झालो. दुसऱ्या बाईंना कळवलंत?

डॉक्टर : सकाळी, मीच. त्या म्हणाल्या, कालच तर सगळ्यांना सांगितलं, काही नाही म्हणून.

तंत्रज्ञ : …मी म्हणालो होतो, पासफ्रेज फोनवर देऊ नका.

डॉक्टर : दोनदा म्हणालात.

तंत्रज्ञ : तिसऱ्यांदा नाही म्हणालो. बाहेर पेशंटचे नातेवाईक रिपोर्टसाठी ताटकळत बसले होते.

डॉक्टर : आई ॲडमिट झाल्यापासून, या तीन आठवड्यांत, माझ्या नावाने असे किती रिपोर्ट गेले?

तंत्रज्ञ : बासष्ट.

डॉक्टर : सगळ्यांच्या स्लाइड काढून ठेवा. ही किल्ली मी रद्द करतेय.

तंत्रज्ञ : म्हणजे उरलेल्या साठांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

डॉक्टर : ठेवूच नये. मी पुन्हा डोळ्यांनी बघितल्यावर ठेवावा.

तंत्रज्ञ : आणि माझं काय? चौदा वर्षं झाली मला इथे.

डॉक्टर : सगळ्या डॉक्टरांना पत्र गेलंय. पासफ्रेज मी दिला, असं लिहिलंय. नावं तुमच्याकडून चुकली, तेही लिहिलंय. तुम्हाला काढलेलं नाही.

तंत्रज्ञ : बरं.

डॉक्टर : आता नव्या किल्लीचा पासफ्रेज टाकते.

(तंत्रज्ञ भिंतीकडे तोंड करतो.)

डॉक्टर : असे उभे राहू नका हो. शिक्षा केल्यासारखं वाटतं.

तंत्रज्ञ : मग बाहेर जातो.

डॉक्टर : थांबा. सहा शब्द हवेत, एकही सुचत नाहीये. डोकंच चालत नाही. आईचं नाव टाकू?

तंत्रज्ञ : मॅडम, मला सांगू नका.

डॉक्टर : …हो. खरंच की.

तंत्रज्ञ : आणि लिहून पाकिटात घाला. पाकीट घरी, कुलपात. इथे नको.

डॉक्टर : झालं. वळा.

तंत्रज्ञ : आईंना कधी सोडतायत?

डॉक्टर : अजून आठवडा तरी नाही.

तंत्रज्ञ : मग तुम्ही दुपारी दोन तास या. तेवढ्यात वाचून होतील तेवढेच रिपोर्ट जातील.

डॉक्टर : लोक ओरडतील तुमच्यावर.

तंत्रज्ञ : ओरडू देत. फोन मी घेईन.