मधल्या पोत्यातला मका

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत त्या प्रयोगशाळेच्या तपासनीस ताई, आणि माझ्या हमाल बंधूंनो,

मी गोदामाचा मुकादम. भाषण हा काही माझा प्रांत नव्हे. पण बावीस वर्षं ताईंच्या संशयाचा पहिला धनी मीच, म्हणून उभा राहिलो.

ताई कुणावर विश्वास ठेवतात का? त्यांच्या यजमानांना विचारा, समोरच बसलेत. घरचा पावसुद्धा उजेडात धरून पाहिल्याशिवाय खात नाहीत. आम्ही मागून हसायचो. त्या म्हणायच्या, "उंदीर दिसतो, कीड दिसते. बुरशी दिसते तेव्हा तिचं जेवण उरकलेलं असतं. गहू, भात, केळी, जगात कुठलं पीक तिनं सोडलंय? वाऱ्यावर देश ओलांडते, औषधांना सरावते. आणि मक्यात विष सोडलं, तर ते शिजवूनही जात नाही."

पहिल्याच वर्षी मी दाराजवळच्या पोत्यातला मका नमुना म्हणून पाठवला. मधल्या पोत्यापर्यंत पोचायचं तर वरची चाळीस हलवावी लागतात. कोण हलवणार? ताईंनी मका हातात घेतला आणि म्हणाल्या, "हा जरा जास्तच गुणी दिसतोय." स्वतः शिडीवर चढल्या, पोती हलवायला लावली, मधल्या पोत्यात लोखंडी नळी खुपसली. नळीतून हिरवट भुकटी आली. तो मका शाळांच्या स्वयंपाकघरात जाणार होता. तेव्हापासून दर नमुन्याला त्यांचा एकच प्रश्न, "मधल्या पोत्यातला ना?"

आता जे बोलतो ते माझ्या कागदावर नाही. साहेब, माफ करा. आज सकाळी पाच नंबरच्या थप्पीचा नमुना द्यायचा होता, आणि माझी सगळी माणसं इथे खुर्च्या मांडत होती. ताईंनी विचारलं, "मधल्या पोत्यातला ना?" मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नेहमीसारखं रोखून पाहिलं, मग हसल्या. "जाऊ द्या मुकादम, आज शेवटचा दिवस. आज तुमच्यावर विश्वास ठेवते." आणि सही केली.

नमुना दाराजवळचा होता.

ताई, खाली बघू नका, चूक तुमची नाही. आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा असावी. नमुन्याची क्षमा मी आत्ता मागत नाही. पाच वाजता त्याच थप्पीची गाडी भरायला घेणार आहेत, साहेब, ती थांबवा. आणि चार जण माझ्याबरोबर चला, चाळीस पोती हलवायची आहेत.