हिरामणनं घेतलेलं माप

—शनिवार, सकाळचे सात, अवचितगडाची वाट सुरू होते ती ही जागा. पोलिसांच्या कागदावर एवढंच खरं हाय, बाकी 'हिरामण पाय घसरून पडला' लिवलं आन झाले मोकळे! …हां, सरळ उभे ऱ्हा. बूट असू दे. कोपर वाकवा — काटकोनात. काठीची मूठ तिथवर यायला पायजे, तरच उतरताना गुडघे वाचतात. नायतर काठीच मानसाला पाडते.

बांबू भरीव हाय, जाळावर शेकून सरळ केलेला, तेल पाजलेला. तेल आमच्या हाडात — यहुदी ना आमी, शनवारतेली. आजोबाचा घाना शनिवारी बंद, माझं काठ्यांचं दुकान पन बंद. म्हंजे माझ्यापुरतं. शनिवारी माझ्या जागी हिरामण बसायचा, गडाची वाट दाखवायचा तोच. गडाखाली सुरुंग लावतात ना खाणवाले, त्यांच्याविरुद्ध साक्ष देनार व्हता. गप बस रं, म्हनून सगळ्यांनी सांगितलं. गप बसला असता तर आज तुमचं माप त्यानं घेतलं असतं.

त्या सकाळी तिघं आले. मी घराच्या ओट्यावर, नजर अधू — तोंडं नाय दिसली. एक ताडमाड उंच व्हता, एवढंच. हिरामण त्याच्या कोपराला हात लावून माप घेत व्हता, हसल्याचं ऐकू आलं. म्हनाला असंल, "सायब, तुमाला बांबूचं आख्खं बेटच तोडून द्यावं लागंल!" मग वाट दाखवायला त्यांच्यासंगं गडावर गेला, तो जिता परत आलाच नाय. ज्या काठीनं मारलं, ती त्यानंच मापून दिली हो.

घसरून पडलेल्याच्या दोनी हातांची बोटं चेचतात? पाठीमागनं? नाय! डोक्यावर हात धरले असतील त्यानं — असे — आन वरनं — थांबा, कोपर खाली घेऊ नका! काठी मला गडावरच्या टाक्यापाशी गावली. धुतलेली. पन मुठीची सुतळी सोडली तर आत काळं, वाळलेलं. चौकशीच्या सायबाला दाखवली, तर काय म्हनतो? "एझ्राशेठ, शनिवारी दुकान बंद असतं ना तुमचं? मग काठी गेली कशी?" माझा धरम माझ्याच थोबाडावर मारला हलकटानं! आन देनारा तर मेला. त्याला इचारा म्हनावं.

ही बगा, तीच. …तुमी काठी कुठं मागितली व्हती? तुमी तर सरळ निघाला व्हता, हाक मी मारली. उंच मानूस दिसला की मारतो. कोयत्याकडं काय बगता? तो बांबू तासायचा हाय. बांबू तासायचाच. धरा मूठ. धरा म्हनतो ना! कोपर… हलू नका…

दोन बोटं कमी भरलात.

तुमी नाय. ही दुसरी घ्या, पैसे नको, ऊन चढायच्या आत निघा. — काय? जुळली असती तर? …जावा तुमी. ही काठी कुनाच्या कोपराला लागते, ते आजून एकानं पन इचारलेलं नाय. जावा!